व्हरांड्यातला ट्रम्पेट

आमच्या वाद्यवृंदात सगळ्यात जवळ मी बसायचे आणि सगळ्यात लांब तो उभा राहायचा. जवळ म्हणजे मायक्रोफोनच्या जवळ. मायक्रोफोन एकच होता, छताला टांगलेला, आणि कोण मोठा कोण छोटा हे त्याच्यापासूनच्या अंतरावर ठरायचं. जलतरंगाचा आवाज नाजूक, म्हणून माझ्या वाट्या थेट त्याच्याखाली. मग बासरी, मग मेंडोलिन आणि मास्तरांचं व्हायोलिन, त्यांच्यामागे क्लॅरिनेट, भिंतीला टेकून अॅकॉर्डियन, आणि ढोलकीवाला पार कोपऱ्यात, पोत्यांच्या आड. ट्रम्पेटला खोलीत जागाच नव्हती. तो आत वाजला की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून टेबलावर ठेवायचा आणि आमच्याकडे नुसता बघत बसायचा. म्हणून ट्रम्पेट व्हरांड्यात. दार वीतभर उघडं ठेवायचं, त्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा, आणि ट्रम्पेटवाल्याने त्या फटीतून मास्तरांच्या हाताकडे लक्ष ठेवायचं. मास्तरांनी मान हलवली की त्याने सूर लावायचा.

ही गोष्ट पन्नास ते साठच्या मधल्या वर्षांतली. स्टुडिओ म्हणजे अंधेरीत, स्टेशनच्या पूर्वेला, तबेल्यांच्या अलीकडचा एक जुना बंगला होता. त्याच्या हॉलच्या भिंतींना आतून गोधड्या आणि गोणपाट ठोकून आवाज बांधलेला होता. बांधलेला म्हणायचं ते आपलं समाधान. कावळे ऐकू यायचे, म्हशी ऐकू यायच्या, आणि सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की अर्धं वाजवून झालेलं सगळं फुकट. मग पुन्हा पहिल्यापासून. पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्याच्या वाऱ्याने माझ्या वाट्यांतलं पाणी हलायचं आणि सूर थरथरायचा. घामाने निथळणारे सात पुरुष माझ्याकडे जसं बघायचे त्यावरून ते मनात काय म्हणत असतील हे मला कळायचं. मी लक्ष देत नसे. पाणी त्या उकाड्यात हळूहळू कमी व्हायचं, सूर चढायचा, आणि प्रत्येक वेळी मला थेंबाथेंबाने तो खाली आणावा लागायचा. त्यात त्यांच्याकडे बघायला सवड कुणाला होती?

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. वडील जाऊन काही वर्षं झाली होती, वाट्या त्यांच्या, हातही त्यांनीच वळवलेला. घरी भाऊ आणि वहिनी. लग्न झालेलं नव्हतं आणि ते होईल असं घरात कुणी फारसं बोलतही नसे, म्हणून शनिवार-रविवारी सात पुरुषांबरोबर बसून वाजवायला माझी कुणी अडवणूक केली नाही. मास्तर घाटकोपरहून यायचे. दिवसा ते कुठल्याशा कचेरीत हिशेब तपासायचे, पण आमच्यापुरते ते मास्तरच. सिनेमातली चालती गाणी घ्यायची, शब्द काढून टाकायचे आणि उरलेली चाल वाद्यांत वाटून द्यायची, हे आमचं काम. शब्द गेले की बरीचशी गाणी सुधारतात, हे माझं तेव्हाचं मत आजही कायम आहे.

आपल्याकडच्या सरकारी रेडिओवर तेव्हा सिनेमाच्या गाण्यांना जागा नव्हती. ऐकणारे सगळे रेडिओ सिलोनकडे वळले होते. त्यामुळे आमची ग्रामोफोनची तबकडी अंधेरीत तयार व्हायची, बोटीने समुद्रापलीकडे जायची आणि तिथून वाजून पुन्हा अंधेरीत यायची. आमच्या चाळीच्या मागल्या बाजूच्या बिऱ्हाडात एक बाई रोज सकाळी पोळ्या लाटताना आम्हाला ऐकत असे. मी वाजवते हे तिला माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. तबकडीवर कुणाचंच नाव नसायचं, फक्त वाद्यवृंदाचं.

पहिल्या काही तबकड्या आल्या तशा गेल्या. मग एक अशी निघाली की ती वाजायची थांबेचना. एक संथ चाल होती. सुरुवातीला माझ्या वाट्या, मग बासरी, आणि मध्येच, चाल वळताना, कुठून तरी लांबून ट्रम्पेट यायचा. इतक्या लांबून की आधी वाटावं, दुसरंच स्टेशन लागलं. सिलोनवर फर्माइशी येऊ लागल्या. आफ्रिकेतून, एडनहून, ब्रह्मदेशातून लोक ती मागत. निवेदक प्रत्येक वेळी ‘तो दूरचा ट्रम्पेट’ म्हणायचा. मास्तर आधी गोंधळले, मग खूश झाले, आणि महिन्याभरात असं बोलू लागले की जणू ती कल्पना त्यांचीच. खरी गोष्ट अशी की व्हरांड्यात उभं करण्यात कल्पना कसलीच नव्हती, नाइलाज होता. पुढे मुंबईतल्या दुसऱ्या वाद्यवृंदांनी आपापले ट्रम्पेटवाले बाहेर काढले. एकाने जिन्यात उभा केला, एकाने म्हणे न्हाणीघरात. त्या काळातल्या तबकड्या कुणी आज लावल्या तर सगळ्यांच्या ट्रम्पेटला जरा लांबचा वास येईल. तो वास आमच्या व्हरांड्याचा.

ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो मात्र खूश नव्हता.

तो गोराईचा. खाडीपलीकडचं ख्रिस्ती वस्तीचं गाव, भातशेती आणि मासळी. होडीने खाडी ओलांडून, मग बोरिवलीपर्यंत मिळेल त्या वाहनाने, असा तो यायचा, आणि तरीही सगळ्यांच्या आधी हजर असायचा. माझ्याहून लहान होता. मला ‘बाय’ म्हणायचा. मधल्या सुट्टीत सगळे पुरुष बिड्या ओढायला गेटापाशी गेले की आम्ही दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसून डबा खायचो, कारण माझ्या वाट्यांपासून मला लांब जायचं नसे आणि त्याला बिडी चालत नसे. ओठ बिघडतात म्हणायचा.

एकदा मी त्याला म्हटलं, “अरे, सगळ्या मुलखात तुझा ट्रम्पेट वाजतोय, आणि तुझा चेहरा असा का? घरी काय म्हणाले?”

“घरी सांगितलाच नाय,” तो म्हणाला.

“का रे?”

“काय सांगू, बाय? मना बायेर उभा करतात म्हनून सांगू?”

मग त्याने जे सांगितलं ते असं. त्याचा बाप गावाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. लग्नाची वरात होडीतून आली की होडीत पुढे उभा राहून वाजवणारा तोच. पुढचे दात पडले आणि वाजवणं संपलं, कारण ट्रम्पेट ओठांवर नाही, ओठांमागच्या दातांवर टेकतो. वाद्य पोराला दिलं. पण गावात शिकाऊ ट्रम्पेट कोण ऐकून घेणार? रीतच अशी होती की शिकणाऱ्याने बाहेर जायचं. संध्याकाळी तो खाडीच्या बांधावर, मिठागरांच्या पलीकडे जाऊन वाजवायचा आणि बाप अंगणात बसून ऐकायचा. काय चुकलं ते जेवताना सांगायचा. आवाज थांबला की बाप आईला म्हणायचा, भात वाढ, आता येल तो. आणि बांधावरून चालत पोर घरी येईपर्यंत ताट तयार असायचं.

“पापानं मना जवलून कदी आयकलाच नाय,” तो म्हणाला. “आनि आता त्याचे कान चालले. एक गेलाच. दुसरापन र्‍हानार नाय, बोरिवलीचा डाक्टर बोलला. एकदा आत उभा र्‍हाऊन वाजवतो, मंग सांगतो त्याला. मंग आयकू दे.”

मला त्याचं म्हणणं पटलं, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. पण ‘आत’ म्हणजे कुठे, हे मी तेव्हा विचारलं नाही.

ते मला पुढच्या रेकॉर्डिंगला कळलं. त्याने मास्तरांना गाठून सगळं सांगितलं होतं, आणि मास्तर विरघळले होते. मास्तर कठोर असल्याचा आव आणायचे तितके ते नव्हते. नव्या तबकडीत ट्रम्पेट प्रमुख, असं त्यांनी जाहीर केलं. आवाज फार होऊ नये म्हणून ट्रम्पेटच्या तोंडावर फेल्टची टोपी धरायची आणि मायक्रोफोनखाली उभं राहायचं.

“मायक्रोफोनखाली मी बसते,” मी म्हणाले.

“बाई, एवढ्या एका वेळेला तुम्ही मागे सरका ना. अॅकॉर्डियनशेजारी.”

“अॅकॉर्डियनशेजारी जलतरंग? मग मी पाणी कशाला भरू? रिकाम्याच वाट्या वाजवते.”

“बाई…”

“मास्तर, तुम्हालाच माहीत आहे, तिथून मी ऐकू जाणार नाही.”

त्यांना माहीत होतंच. मी व्हरांड्याच्या दाराकडे पाहिलं. तो तिथे ट्रम्पेट हातात धरून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. तो एक शब्द जरी बोलला असता, ‘ऱ्हाऊ दे’ म्हणाला असता, तरी मी हटून बसले असते. तो काही म्हणाला नाही. त्याला ते इतकं हवं होतं. मी वाट्या उचलल्या, एकेक करून अॅकॉर्डियनशेजारी नेल्या, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा सूर लावले. मला राग आला होता आणि तो मी लपवलाही नाही. सगळ्यांना अर्धा तास थांबवून ठेवलं.

त्या दिवशी त्याने फार सुंदर वाजवलं, हे मान्य करायला हवं. टोपीखालून येणारा सूर मऊ, गोल, जराही खरखर नसलेला. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हसला. तो कधी हसत नसे. विमान आलं नाही, म्हशी गप्प राहिल्या, पहिल्याच झटक्यात सगळं पार पडलं. मला मी ऐकू आले नाही. पुढे तबकडी हातात आली तेव्हा कान देऊन ऐकलं, तेव्हाही नाही.

काही आठवड्यांनी तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस निरोप घेऊन आला की येत्या रविवारी सकाळी वाद्यसंगीताच्या कार्यक्रमात नवी तबकडी सिलोनवर लागणार. ट्रम्पेटवाल्याने आम्हा सगळ्यांना गोराईला जेवायला बोलावलं. मास्तर, मेंडोलिनवाला आणि मी, एवढे गेलो. बाकीच्यांना होडीची धास्ती होती की मासळीची, ते त्यांनाच माहीत. वहिनीने विचारलं, तिकडे तुझं काय काम? मी म्हणाले, जेवायला चालले आहे. तेही खरंच होतं.

घर लहान होतं, कौलारू, पुढे अंगण आणि अंगणापलीकडे भाताची खाचरं, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडी. गावात वीज नव्हती. तिथल्या शाळेच्या मास्तरांकडे बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. तो त्यांनी त्या दिवसापुरता उचलून यांच्या ओटीवर आणून ठेवला होता आणि एरियलची तार ताडाच्या झाडाला बांधली होती. शेजारीपाजारी अंगणात जमले होते. बाप रेडिओला लागूनच बसला होता, उंच, वाळलेला, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यातला म्हातारा, चालणारा कान रेडिओकडे वळवून. त्याच्याशी बोलायचं तर समोर जाऊन ओरडावं लागायचं. पोराने त्याला सांगितलेलं मी ऐकलं, “पापा, आता मी वाजनार! यातशी! जवलून!” म्हाताऱ्याने मान हलवली. पोराचा हात त्याने हातात घेतला आणि काही वेळ सोडलाच नाही.

खरखर झाली, आवाज गेला, आला, शाळामास्तरांनी खुंटी पिळली, आणि निवेदकाने आमच्या वाद्यवृंदाचं नाव घेतलं. मग टोपीखालचा तो मऊ सूर ओटीभर पसरला. रेडिओ पूर्ण आवाजावर होता. शेजारी वाहवा करू लागले. म्हातारा डोळे मिटून, कान अगदी जाळीला लावून ऐकत होता. ट्रम्पेटवाला त्याच्या तोंडाकडे बघत होता. मी दोघांकडे बघत होते, आणि माझी जागा गेल्याचं मला त्या तीन मिनिटांत पहिल्यांदा काही वाटलं नाही.

तबकडी संपली. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि मान वर करून पोराला विचारलं, “चांगला वाजवतो. ह्यो कोन?”

पोराने वाकून, मोठ्याने सांगितलं, “पापा, मीच!”

म्हातारा हसला. पोर थट्टा करतोय असंच त्याला वाटलं असावं. “तुजा नाय,” तो म्हणाला. “तुजा मना म्हाईत हाय ना.” ते त्याने रागाने म्हटलं नाही, कौतुकानेही नाही. आपल्या घराचा रस्ता माहीत आहे हे जसं सांगावं तसं सांगितलं. मग रेडिओकडे बोट करून म्हणाला, “तू कवा वाजनार?”

ट्रम्पेटवाला तिथेच उकिडवा बसून राहिला. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, आपण उठावं, होडी गाठावी, जेवण वगैरे राहू द्यावं. शाळामास्तर रेडिओ बंद करायला पुढे झाले, कारण ज्यासाठी आणला होता ते झालं होतं. बॅटरीची काळजी त्यांना असणारच.

तेवढ्यात निवेदक म्हणाला की याच वाद्यवृंदाची एक जुनी तबकडी श्रोत्यांच्या आग्रहाखातर. त्याने गावांची नावं वाचायला सुरुवात केली, नैरोबी, दारेसलाम, रंगून. शाळामास्तरांचा हात खुंटीवर तसाच थांबला.

माझ्या वाट्या वाजल्या. त्या ओटीवर, इतक्या माणसांत, मला मी लख्ख ऐकू आले. मग बासरी. म्हातारा सौजन्य म्हणून ऐकत होता, हात मांडीवर, नजर कुठेतरी खाली. चाल वळली आणि लांबून, व्हरांड्यातून, दाराच्या वीतभर फटीतून ट्रम्पेट आला.

म्हाताऱ्याने मान वर केली. ती रेडिओकडे वळली नाही. तो उठला. पोर त्याला धरायला गेला तर त्याने हात बाजूला सारला, ओटीची पायरी उतरला आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून, खाडीकडे बघत. जमलेली माणसं त्याला वाट देऊन बाजूला झाली. शाळामास्तरांनी खुंटी होती नव्हती तेवढी पिळली. आवाज त्याच्या मागून येत होता आणि तो पुढे बघत होता, खाचरांच्या वरून, मिठागरांच्या पलीकडे, बांधाकडे. एका जागी, जिथे ट्रम्पेट वरच्या सुरावर किंचित डगमगतो आणि मग सावरतो, तिथे त्याने बोट उचलून हवेत जरासं खाली दाबलं. ती चूक आमच्यातल्या कुणालाही कधी ऐकू आलेली नव्हती. मास्तरांनाही नाही.

तबकडी संपली. शाळामास्तरांनी रेडिओ बंद केला.

म्हातारा वळला आणि घराच्या दाराकडे तोंड करून, आत चुलीपाशी असलेल्या म्हातारीला मोठ्याने म्हणाला, “भात वाढ गो. आता येल तो.”

त्याला भ्रम झाला नव्हता आणि तो थट्टाही करत नव्हता. त्या सुरामागून ते वाक्य वर्षानुवर्षं त्याच्या तोंडून निघत आलं होतं, तसंच निघालं. पोर त्याच्या समोरच उभा होता, ओटीच्या खांबाला धरून.

“आयलो, पापा,” तो म्हणाला.

ते म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. मग पोर ओटीवरून उतरला, अंगण ओलांडून पार खाचराच्या कडेपर्यंत चालत गेला, तिथून वळला, आणि परत येता येता ओरडून म्हणाला, “आयलो!”